फूड कोर्टातली पंगत

दादाच्या मुलीच्या लग्नातून ताई न जेवता निघून गेली, तेव्हापासून आमच्याकडच्या दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या. तिसरी तोंडावर आली होती. ही तिसरी काही मी कोरडी जाऊ देणार नव्हते.

आम्ही भावंडं तीन. ताई थोरली, अकोल्याला दिलेली, नर्स म्हणून रिटायर झालेली. आयुष्यभर लोकांना सुया टोचल्यामुळे समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता बोलायची तिला सवय आहे. दादा मधला. वलगावला वडिलांच्याच शेतात पत्ताकोबी, फुलकोबी, मेथी, सांभार लावतो. शहरातले लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला आम्ही सांभार म्हणतो, आणि दादासमोर कोथिंबीर म्हटलं तर तो 'थे काय असते?' असं मुद्दाम विचारतो. मी शेंडेफळ. अमरावतीत एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारते, आणि उरलेल्या वेळात या दोघांचे निरोप इकडून तिकडे नेते. दोन वर्षांत या दुसऱ्या नोकरीचं काम फार वाढलं होतं.

लग्न बडनेरा रोडवरच्या एका लॉनवर झालं. दादा स्वतः अकोल्याला जाऊन ताईला हळदकुंकू लावून बोलावून आला होता, तिथे काही चूक नव्हती. ताई तीन दिवस आधी आली, हळद तिने दळली, मांडवात ती नाचली, पाठवणीला सगळ्यांत मोठ्याने रडली, आणि संध्याकाळच्या गाडीने जिजाजींबरोबर अकोल्याला गेली. दुसऱ्या दिवशी जिजाजींचा फोन आला, "बाईनं काल पाण्याशिवाय काई घेतलं नाई." जिजाजींनी स्वतः जिलबीच्या तीन फेऱ्या केल्या होत्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

माहेरच्या लग्नातून लेक उपाशी गेली याचा आमच्याकडे काय अर्थ होतो ते मी सांगायला नको. दादाने लगेच फोन लावून विचारलं, काहून जेवली नाई? ताई म्हणाली, भूक नोती. एवढंच. ज्या बाईला उपासाच्या दिवशी जास्त भूक लागते, तिला सख्ख्या भाचीच्या लग्नात भूक नव्हती, हे दादाने कसं मानावं? "भर मांडवात माहं नाक कापलं," असं तो मला म्हणाला, आणि मग जो येईल त्याला म्हणत सुटला. ते अकोल्याला पोचायला दोन दिवस लागले.

पहिल्या भाऊबिजेला ताईचे गुडघे दुखत होते. दुसऱ्या भाऊबिजेलाही दुखत होते. मधल्या काळात तेच गुडघे भजनी मंडळाबरोबर एक अख्खा डोंगर चढून उतरले होते, त्याचे फोटो तिने मला पाठवले होते. दादाला म्हटलं, तू जाऊन घेऊन ये तिला. तो म्हणाला, "मी जातो तिच्या दारात. अन तिनं पुन्हा म्हटलं भूक नाई, तं मी काय करू? तिच्या उंबऱ्यावर बसून रडू?" ताईला म्हटलं, तू ये. ती म्हणाली, "ज्याले गरज हाय त्यानं यावं." दोघांनाही गरज होती आणि दोघंही घरात बसून होते.

तेव्हा मी नकाशा काढून बसले. अशी जागा हवी होती, जिथे दोघांपैकी कोणाचाच उंबरठा नाही. बरोबर मधोमध मूर्तिजापूर येतं, पण दोन माणसांना मूर्तिजापुरात कशाला बोलावलं म्हणून सांगायचं? देवळात नेलं असतं तर दोघंही देवीकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले असते आणि प्रसाद घेऊन आपापल्या गाडीत बसले असते. शेवटी मी अमरावतीतला मॉल ठरवला, आणि जेवायला चायनीज. चायनीज ठरवायला फार विचार केला होता. पाटोडी म्हटली की आईची आठवण निघणार, वांग्याची भाजी म्हटली की दादाच्या शेतातली वांगी निघणार, आणि मिरचीच्या ठेच्यावरून तर ताईचं आणि वहिनीचं आधीच एक जुनं भांडण होतं. चायनीज आमच्या घरात कोणीच करत नव्हतं. त्यावर मान-अपमान करायला कोणालाच जागा नव्हती, असं मला वाटलं.

ताईला सांगितलं की मला साडी घ्यायची आहे, तुझ्यासारखी पारख मला नाही. दादाला सांगितलं की फ्रीज घ्यायचा आहे, एकटीला फसवतील. दोघंही गळाला लागले. ताई ज्या दिवशी येणार त्या रविवारी मी देवापुढे बसून खोटं बोलल्याची माफी मागितली आणि निघाले.

ताईला बडनेरा स्टेशनाहून रिक्षाने आणलं. रिक्षात ती अकोल्याचं गात होती. "आमच्या अकोल्यालेई मॉल हाय. साडीसाठी इतक्या दूर काहून बलावलं तू?" मी म्हटलं, इथला वेगळा आहे. ती म्हणाली, "वेगळा म्हंजे? वरतून उतरला काय?" तेवढ्यात आम्ही दारात पोचलो आणि दारात दादा गार्डशी भांडत होता.

त्याच्या थैलीत माझ्यासाठी दोन पत्ताकोबी, मेथीची एक जुडी आणि खुरपं होतं. खुरपं तो विसरून घेऊन आला होता. शेतातून तसाच निघाला होता. गार्ड म्हणत होता, हत्यार आत नेता येणार नाही. दादा म्हणत होता, "हत्यार कोठं हाय बापा? निंदाचं खुरपं हाय थे. मी का आत निंदाले चाल्लो?" मागे दहा माणसं उभी राहिली होती. मग दादाने ताईला पाहिलं, ताईने दादाला पाहिलं, आणि मग दोघांनीही एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजही विसरलेले नाही. लहानपणी गुळाच्या डब्यात हात घातलेला असताना आई अशी बघायची.

"फ्रीज?" दादा म्हणाला.

"साडी?" ताई म्हणाली.

मी म्हटलं, आधी वर जाऊ, गरम होतंय. ऑक्टोबरचं ऊन खरंच डोक्यावर होतं. दादाने खुरपं गार्डच्या ताब्यात दिलं आणि त्याला "सांभाळून ठेवजो, धार लावेल हाय" म्हणून बजावलं. ताई परत फिरेल अशी मला भीती होती, पण एवढ्या लोकांसमोर तमाशा करायचा नाही हे तिचं तत्त्व आहे. तमाशा ती घरी करते.

वर जायला लिफ्ट घेतली. लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे आहेत, हे मला आधी माहीत असतं तर ते बसवणाऱ्याला मी आधीच पेढे दिले असते. दादाने ताईकडे पाठ केली तर समोर आरशात ताई. ताईने मान वळवली तर तिकडे दादा. शेवटी दोघंही छताकडे बघू लागले. छतालाही आरसा होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते एकमेकांच्या टकलाकडे आणि अंबाड्याकडे बघत गेले.

"पिकले वं केस तुहे," दादा आरशाला म्हणाला.

"तुहे तं ऱ्हायलेच नाईत," ताई आरशाला म्हणाली.

दोन वर्षांतलं हे त्यांचं पहिलं बोलणं. मला लिफ्टमध्येच नारळ फोडावासा वाटला.

फूड कोर्टात रविवारची गर्दी होती. भिंतीजवळचं एक टेबल मिळालं. मी चायनीजच्या काउंटरवर गेले आणि हक्का नूडल्स, शेजवान राईस, मंचुरियन आणि मंचाऊ सूप असं सगळं सांगून आले. काउंटरवाल्याने एक काळी चकती दिली आणि सांगितलं, ही थरथरली की येऊन जेवण न्या. मी चकती दादाच्या हातात ठेवली आणि दोघांच्या मध्ये बसले.

दादा ती चकती उलटीसुलटी करून बघत होता. ताई दुसरीकडे, म्हणजे पिझ्झाच्या पाटीकडे बघत होती. मी हवापाण्यावर बोलले. संत्र्यांवर बोलले. दोघंही 'हं' म्हणत होते, पण ते 'हं' माझ्यासाठी होतं. अशा वेळी धाकट्यांना काय वाटतं, ते थोरल्यांना कधी कळत नाही. मला दोघांच्याही थोबाडीत मारावीशी वाटत होती, आणि दोघांच्याही मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं. मी संत्र्यांवरच बोलत राहिले.

तेवढ्यात चकती लाल झाली आणि गुरगुरली. दादाने 'ओ माय!' म्हणून ती टेबलावर टाकली. ती टेबलावर थरथरत थरथरत ताईकडे सरकली, तशी ताई खुर्चीसकट मागे झाली. पलीकडच्या टेबलावरची माणसं हसली. मी चकती धरली आणि म्हटलं, घाबरू नका, जेवण तयार झालंय, ते आणायला जायचं असतं.

"म्हंजे इथंई आपलं आपुनच घ्याचं?" ताई म्हणाली.

हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी तेव्हा नीट ऐकायला हवा होता. पण माझं लक्ष ट्रेकडे होतं. दोन फेऱ्यांत सगळं टेबलावर आणलं, तीन रिकाम्या प्लेटा मांडल्या, आणि म्हटलं, चला, जेवा.

कोणी हलेना.

दादाने मंचुरियनचा एक गोळा काट्याने फोडून आत बघितलं. तोंडात नाही घातला. "पत्ताकोबी हाय," तो म्हणाला. "चार दिवसाची हाय. पाहा, पिवळी पडली." मग नूडल्सबरोबर आलेल्या दोन काड्या उचलून म्हणाला, "या काड्या बऱ्या हायेत. टमाट्याच्या रोपाले टेकू द्याले कामी येतीन." आणि त्या खिशात घातल्या. मी म्हटलं, दादा, खा ना. तो म्हणाला, "ताईनं नाई सुरू केलं." मी ताईला म्हटलं, ताई, घे ना. ताई म्हणाली, "घेतो ना. काय घाई हाय?"

सूप गार झालं. त्यावर साय धरावी तसा थर आला. नूडल्स एकमेकींना चिकटून त्यांचं एकच वेटोळं झालं. मी दोघांना 'खा ना, घ्या ना' म्हणत होते. पण धाकटीच्या म्हणण्याला आमच्या घरात कधीच किंमत नव्हती, तशी ती तेव्हाही नव्हती. शेवटी दादाचा बांध फुटला.

"काहून खाऊन नाई राहिली? इथूनई उपाशी जातं काय?"

ताईने पिझ्झाच्या पाटीवरून नजर काढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, आरशाशिवाय, त्याच्याकडे बघितलं.

"तू म्हटलं काय मले जेव म्हणून? तवाई नाई म्हटलं. आताई नाई."



मग ताई बोलत सुटली. बोलताना तिचा आवाज अजिबात चढला नाही, त्यामुळे जास्त लागत होतं. लॉनवर बुफे होता. पंगत नव्हती. पंगत असती तर कोणीतरी हाताला धरून बसवलं असतं, वाढणाऱ्याने आग्रह केला असता. इथे एका टेबलावर प्लेटांचा ढीग लावलेला होता आणि ज्याला भूक लागेल त्याने प्लेट उचलायची होती. "मी त्या ढिगापाशी उभी होतो. येनारा येत होता, प्लेट घेत होता, जात होता. मी म्हटलं, माहा भाऊ येईन, म्हनन, ताई, चाल जेवाले. तू तिकून गेला, इकून गेला. नवरदेवाच्या मामाले म्हटलं, जेवा. बॅंडवाल्याईलेई म्हटलं, जेऊन घ्या. माह्याजवळून चार वेळा गेला. शेवटी थो केटरिंगवाला आला, मोठ्या मिशाचा. थो म्हने, मॅडम, प्लेट घ्या ना, काउंटर बंद करून राहिलो." ताई थांबली. "माह्या भावाच्या घरचं पयलं लगन, अन मले जेवा कोन म्हटलं? केटरिंगवाल्यानं."

पलीकडच्या टेबलावरची माणसं आता हसत नव्हती. ती जेवायची थांबली होती.

"ताई, अवं," दादा म्हणाला, "तू घरची. तुले का जेव म्हना लागते? जेव तं पाहुन्याले म्हनते. तुले जर मी म्हटलं असतं, जेवा बाई, तं तू म्हटलं असतं, मले पाहुनी समजते काय."

"नसतं म्हटलं."

"म्हटलं असतं."

"एकदा म्हनून तं पाहाचं होतं."

दादाने टकलावरून हात फिरवला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "मीई नोतो जेवलो. मुलीचा बाप कोठून जेवते? पाठवनी झाल्यावर म्हटलं, आता ताईसंग बसू. तुले शोधलं तं तू गाडीत बसून गेली होती. मंग मी नाईच जेवलो. दुसऱ्या दिवशी कळ्ळं का तूई नाई जेवली, तं मले वाटलं तू माह्या अन्नाले नाव ठेवलं."

हे मला माहीत नव्हतं. वहिनीलाही माहीत नव्हतं. आठशे माणसं जेवून गेलेल्या लग्नात माझे भाऊ-बहीण मांडवाच्या दोन टोकांना उपाशी उभे होते, एक हाकेची वाट बघत आणि दुसरा निवांत बसण्याची वाट बघत.  आणि त्याच क्षणाला, मी रडायच्या बेतात असताना, दोघांनीही माझ्याकडे मान वळवली.

"अन तू कोठं होती वं तवा?" ताई म्हणाली.

खरं सांगायचं तर मी पाणीपुरीच्या काउंटरवर होते. त्याआधी मुगाच्या हलव्याच्या काउंटरवर होते. लग्न घरचं, काउंटर बारा, आणि मला कोणी जेव म्हणण्याची कधीच गरज पडलेली नाही. मी म्हटलं, मी तिथेच होते. इकडेतिकडे.

"इकडंतिकडं म्हंजे खात होती," दादा म्हणाला.

"लहानपणापासून तसंच करते थे," ताई म्हणाली. "आपुन दोघं आईची वाट पाहात बसो, अन हे जेऊन झोपून जाये."

"आवाज तं देते माणूस! ताई, तू जेवली काय? दादा, तू जेवला काय?" दादा मला म्हणाला.

"इतकं शिकून का उपयोग?"

दोघांचं असं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पाच मिनिटं त्यांनी मला मनसोक्त झोडपलं. माझा पाणीपुरीचा सोस निघाला, माझं खोटं बोलणं निघालं, फ्रीज आणि साडी निघाली. मी खाली मान घालून ऐकत होते, आणि इतक्या सुखात होते की काय सांगू. बोलता बोलता दादा उठला. खांद्यावरचा पंचा कमरेला बांधला. शेजवान राईसचा बाऊल डाव्या हातावर घेतला, उजव्या हातात चमचा घेतला, आणि पंगतीत वाढणारा वाकतो तसा ताईच्या पुढ्यात वाकला.

"जेव, ताई."

ताईने प्लेट पुढे केली. "थोडासाच."

थोडासा म्हणजे किती हे आमच्याकडे वाढणारा ठरवतो. दादाने डोंगर केला. ताईने प्लेटवर आडवा हात धरला, तर त्याने त्या हाताच्या बाजूने मंचुरियन सोडलं. रस्सा तिच्या बांगड्यांवर सांडला. "पुरे ना आता, पुरे!" ती ओरडली आणि ओरडताना हसू लागली. हसता हसता डोळे पुसायला गेली तर रश्श्याचाच हात लागला आणि डोळ्यांत शेजवान गेलं, त्यामुळे ती नक्की कशाने रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. मग तिने बाऊल हिसकावून घेतला, दादाला खांदा धरून खाली बसवलं आणि त्याची प्लेट भरली. "भाऊबीजले येतो मी," ती वाढता वाढता म्हणाली. दादा म्हणाला, "ये. गुडघे घेऊन ये." दोघं जेवू लागले. दगडासारख्या गार नूडल्स, चार दिवसांची पत्ताकोबी. दादा म्हणाला, सांभार टाकला नाई याईनं. ताई म्हणाली, मीठ जास्त हाय. आणि दोघंही खात होते.

मी त्यांच्याकडे बघत बसले होते. मला सपाटून भूक लागली होती. सगळं समोर होतं, माझ्या हाताच्या अंतरावर; मीच सांगितलेलं, मीच वाहून आणलेलं. नेहमीची मी असते तर एव्हाना माझं अर्धं जेवण झालं असतं. पण माझी प्लेट कोरी होती आणि माझा हात काही केल्या पुढे जाईना. त्या दोघांच्या बोलण्यात माझी आठवण कोणाला येते, याची मी वाट बघत होते. आली नाही. बाऊलच्या तळाशी दोन गोळे राहिले होते.

"घे ना वं," ताई एकदम म्हणाली. "अशी काय बसली? तुले का वेगळं सांगा लागते? तू तं घरची—"

आणि ती थांबली. घास हातात तसाच राहिला. दादानेही वर बघितलं.

ताईने बाऊल पुढे ओढला. तिने दोन्ही गोळे चमच्याने काढले, माझ्या प्लेटमध्ये ठेवले, त्यावर रस्सा घातला, आणि माझ्या डोक्यावरून डावा हात फिरवला. माझं पन्नाशीचं डोकं.

"जेव माय," ती म्हणाली.

मी जेवले.